डावीकडच्या तीन रेषा

“हा धक्का रोज कोण पुढं सरकवतं, तेच कळत नाही!” मामा पुटपुटला.

लाँच पुन्हा धक्क्याला खर्रकन् घासली होती. ठिणगीनं वाकून पाहिलं. उजव्या बाजूचा निळा रंग कोरा करकरीत, डावीकडे मात्र नुसतं उघडं लाकूड!

“मामा, धक्का एकाच बाजूनं सरकतो वाटतं?” तिच्या धाकट्या भावानं, ढब्बूनं विचारलं.

“तू बिस्कीट खा!” इंजिनवाले काका घाईघाईनं म्हणाले.

ठिणगीच्या डोक्यात भुंगा शिरला. सुट्टीला आल्यापासून ती बघत होती. मामी चहाचा कप नेहमी मामाच्या उजव्या हाताशी ठेवायची. काका लाँचवर सदानकदा डावीकडे उभे. का म्हणून विचारलं, की सगळ्यांना एकदम कामं आठवायची!

मामाचं काम भारी होतं. नौदलाची सरावनौका लाकडी तराफ्यावर नेम धरून टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावणारे बाँब, सोडायची; धाव संपून ते तरंगले की मामा ते गोळा करून आणायचा. त्यांच्या पोटात दारूगोळ्याऐवजी पाणी असायचं. पण एवढं लोखंडी धूड लाँचचा भुगा करायला पुरेसं होतं.

कालच जेवताना त्यानं चमचे मांडून डावपेच शिकवला होता. “तीन सोडायचे, पंख्यासारखे. शत्रू कुठंही वळला तरी एखादा लागतोच.”

“मग वाचायचं कसं?”

“तोंड त्यांच्याकडेच करायचं! आडवी नौका म्हणजे भिंत, समोरून नौका म्हणजे काठी. आणि फेसाच्या रेषेवर विसंबायचं नाही. बुडबुडे वर येईस्तोवर टॉर्पेडो पुढं गेलेला असतो.”

आज भर समुद्रात इंजिन खोकायला लागलं. काका खाली उतरले. डावी बाजू रिकामी!

“मामा, सरावाची हद्द दाखवणारं पिवळं पिंप मागं राहिलं!”

“दिसतंय मला,” मामा समोर बघतच म्हणाला.

आणि डावीकडून आल्या पाण्यावरच्या तीन पांढऱ्या रेषा!

“मामा! टॉर्पेडो!”

“कुठं? कुठं गं?” मामानं चाक गरकन् उजवीकडे फिरवलं. पळ काढायला! टॉर्पेडोपुढं लाँच म्हणजे गोगलगाय!

ठिणगीनं ढब्बूकडे पाहिलं. ढब्बूला पोहता येत नव्हतं. तरंगायचं जॅकेट तो बुडाखाली घेऊन बसला होता. आणि ‘चल रे’ म्हणून त्याला ओढून आणलं होतं तिनंच.

ती चाकाला लोंबकळली. “चमचे, मामा! चमचे!”

मामाला उमगलं. दोघांनी मिळून चाक डावीकडे ओढलं.

“दोन रेषांच्या मधे घे!”

“मधे म्हणजे कुठं? तूच सांग, बाळा!”

“अजून डावीकडे... अजून... बस्स! सरळ!”

फेस अजून लांबच होता. तेवढ्यात एक काळीभोर पाठ लाँचला चाटून सळसळत गेली! दुसऱ्या बाजूनं दुसरी. तिसरा कुठून गेला, कुणालाच कळलं नाही. ढब्बू ठिणगीच्या कमरेला मिठी मारून रडत होता.

सरावनौका धावत आली. “कमाल केलीत!” वरून साहेब ओरडले. “पण तुम्ही हद्दीत शिरलात कसे?”

“पिंप वाहून आलं असेल, साहेब,” काका म्हणाले.

“डोळ्यांवर ऊन होतं,” ठिणगीही बोलून गेली.

“असो! पण चाकावर कोण होतं? शाब्बास!”

“या पोरांचा मामाच!” काकांनी ठोकून दिलं.

मामानं ठिणगीला पुढं केलं. “शाब्बासकी हिची. डोळे हिचे होते.” त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “पिंप जागेवरच आहे, साहेब. धक्काही. मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही.”