दुपारचा कान

रजनीच्या बांगड्या आजकाल फार वाजतात, अशी मधुकर नारखेड्यांची तक्रार होती. उभा जन्म रेल्वेची इंजिनं हाकण्यात गेला आणि त्यात कान गेले. पंच्याहत्तरीत नवं कानयंत्र मिळालं, तर त्यातून ऐकू काय यावं? बायकोच्या बांगड्या!

"सैल झाल्यात, म्हणून वाजतात," रजनीबाई म्हणाल्या. "वय झालं की मनगटं वाळायचीच."

"मग भाकरी थापताना काढून ठेव की."

हे कानयंत्र साधंसुधं नव्हतं. शरीरातली बिघडलेली पेशी मरते, तेव्हा तिच्या जनुकांचे बारीक तुकडे रक्तात आणि घामात उतरतात. कानातल्या घामातून हे यंत्र ते तुकडे वेचायचं, ताप मोजायचं आणि काही वावगं दिसलं की भुसावळच्या दवाखान्याला कळवायचं. ज्याच्या नावावर यंत्र, त्याच्याच नावावर नोंद. घाम नेमका कोणाचा, हे तपासायला मात्र कायद्यानं बंदी होती.

एका सकाळी दवाखान्यातून बोलावणं आलं. डॉक्टर तडवी वयानं त्यांच्या मुलीएवढी, पण आडपडदा न ठेवता बोलणारी.

"काका, यंत्राला लिम्फोमाची खूण सापडलीय. लसिकाग्रंथींचा कर्करोग. ही जात फार घाईची, आठवड्यांच्या हिशेबात वाढते. पण वेळेत सापडली तर बरी होऊ शकते, तुमच्या वयातसुद्धा."

मधुकररावांच्या पायाखालची जमीन सरकली. रजनीबाईंनी देव पाण्यात घातले. रक्त झालं, स्कॅन झालं, सगळीकडे सुया टोचून झाल्या, आणि निघालं काय? काहीच नाही! माणूस ठणठणीत.

"यंत्र चुकलं म्हणायचं," डॉक्टर पुटपुटली.

"चुकू दे की! आज जिलेबी घेऊनच घरी जातो."

डॉक्टर पडद्यावरचा आलेख बंद करता करता थांबली. "एक सांगा काका. यात रोज दुपारी ताप दिसतोय. कान घामानं चिंब. तुम्हाला काहीच जाणवत नाही?"

"दुपारी? छे! दुपारी मी ढाराढूर झोपतो. यंत्र तेव्हा माझ्या कानात नसतंच. हिची मालिका लागते ना, तेव्हा ही..."

दुपारभर ते यंत्र रजनीच्या कानात असायचं. रजनीलाही कमी ऐकू यायचं. तिच्यासाठीही यंत्र मागता आलं असतं. पण 'मला कशाला? दोघांत एक पुरे,' असं ती म्हणाली आणि त्यांना ते पटलं. फार सहज पटलं.

ते धडपडत बाहेर आले. रजनीबाई बाकावर पदरानं वारा घेत बसल्या होत्या. बांगड्या घसरून कोपरापाशी गेल्या होत्या.

"अगं, तुला दुपारी ताप येतो?"

"येतो थोडा. तुमचाच जीव टांगणीला लागलेला, त्यात माझं रडगाणं कशाला?"

"रजनी!" ते एवढ्या जोरात ओरडले की सगळी रांग वळून बघायला लागली. मग त्यांचेच डोळे भरून आले.

तिच्या काखेत आवळ्याएवढी गाठ होती. "दुखत नाही, म्हणून बोलले नाही," त्या म्हणाल्या. गाठीचा तुकडा काढून तपासला. तीच घाईची जात निघाली, पण अजून एकाच जागी होती.

"आणि मी समजत होते, वयानं मनगटं वाळली," रजनीबाई म्हणाल्या.

"काकू, वयाला औषध नाही, याला आहे," डॉक्टर म्हणाली. "वयाकडे बघून मात्रा कमी ठेवू, हृदयावर लक्ष ठेवू. पण सोडून देणार नाही."

तिसऱ्या सलाइननंतर गाठ हाताला लागेनाशी झाली. दुपारचा तापही पळाला. उपचार अजून बाकी होते, पण रजनीबाई भाकरी पुरती खायला लागल्या होत्या. त्या दिवशी त्यांना स्वतःच्या नावाचं यंत्र मिळालं. मधुकररावांनी स्वतः ते त्यांच्या कानात बसवलं.

"येतंय का ऐकू?"

"येतंय हो, ओरडू नका." त्या हसल्या. मग त्यांनी मनगटावरच्या बांगड्या फिरवल्या. "एक विचारू? या बांगड्या तर तुम्हाला रोज ऐकू येत होत्या. ते यंत्र बोललं नसतं, तर तुम्ही कधी माझ्या हाताकडे बघितलं असतंत का हो?"