ऐकण्याचा पेपर

चौदाव्या प्रश्नाला माझ्या मागे कुणीतरी शिंकलं.

साधीसुधी शिंक नव्हती ती. बाकं हादरली! जपानीच्या परीक्षेत ऐकण्याचा पेपर चालू होता. स्पीकरमधली बाई मैत्रिणीला सांगत होती, ‘रविवारी आजीला भेटायला मी…’ आणि नेमकी तिथेच शिंक. जपानीतही आपल्यासारखंच क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘इकिमास’ म्हणजे जाते, ‘इकिमासेन’ म्हणजे जात नाही. बाई आजीकडे गेली की घरीच लोळत पडली, देव जाणे. प्रश्न पुन्हा ऐकवत नाहीत. मी चिडून मागे वळले, तर उंच, कुरळ्या केसांचा एक माणूस हातात रुमाल घेऊन बसलेला.

पेपर सुटल्यावर मी त्याला पायऱ्यांवरच गाठलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, सगळे आडोशाला थांबले होते.

“शिंक दाबता येते, ठाऊक आहे ना?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याची नजर मागे कुठेतरी गेली आणि परत माझ्यावर आली.

“चुकलं,” तो म्हणाला. “माफ करा.”

इतक्या पटकन माफी मागणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? मी छत्री उघडली आणि तरातरा निघून आले.

मी नर्स आहे. चार वर्षं वृद्धांच्या वॉर्डात काम करत होते. जपानमधल्या एका वृद्धाश्रमाला दोन वर्षांसाठी नर्स हव्या होत्या, आणि ही परीक्षा पास असणं एवढी एकच अट होती. आईचं पालुपद ठरलेलं, “आधी लग्न, मग कुठे जायचं ते जा.” त्यावर बाबा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, “जाऊ दे गं.” म्हणजे मला जाऊ दे की विषय जाऊ दे, हे आम्हा दोघींनाही कधी कळलं नाही.

निकाल लागला. नापास.

त्याच आठवड्यात वॉर्डची लिफ्ट बंद पडली. मी जिने चढून-उतरून वैतागले होते. तिसऱ्या मजल्यावर पोचते तर लिफ्टचं दार उघडं, आणि आतून ग्रीसने माखलेला एक माणूस बाहेर येतोय. केस कुरळे.

“तुम्ही!”

“तुम्ही?” त्याने घाईघाईने गाल पुसला, त्यामुळे काळा डाग कानापर्यंत पसरला. “निकाल काय लागला?”

“गेले. एका मार्काने,” मी ठोकून दिलं. “तुमच्या शिंकेच्या कृपेने. तुम्ही?”

“पास,” तो इतक्या खालच्या आवाजात म्हणाला, जणू चोरी कबूल करतोय. मग थोडं थांबून म्हणाला, “पुढची परीक्षा डिसेंबरात आहे. मी रोज तुमची ऐकण्याची तयारी करून घेतो. नुकसानभरपाई समजा.”

नाही म्हणायला हवं होतं… पण मी म्हटलं, “चार वाजता ड्यूटी संपते. कॅन्टीनमध्ये.”

लिफ्टवाल्याला जपानी कशाला हवी, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला. त्याच्याकडच्या निम्म्या लिफ्ट जपानी बनावटीच्या होत्या. एकदा तिकडून एक इंजिनीअर आला आणि तीन दिवस हातवारे करून समजावत राहिला. “तिसऱ्या दिवशी तो जीव तोडून काहीतरी सांगत होता आणि मी नुसता मान डोलावत होतो,” लिफ्टवाला म्हणाला. “लाज वाटली हो. दुसऱ्या दिवशी क्लास लावला.”

तो पुस्तकातले संवाद वाचायचा आणि मी ऐकून उत्तरं लिहायची. पण गडी शिकला होता लिफ्टच्या घोषणा ऐकून! नवरा-बायकोचं भांडण असो की डॉक्टर-पेशंटचं बोलणं, सगळं एकाच गोड, सपाट सुरात. एकदा संवादातली मुलगी मुलाला म्हणते, ‘तुझी खूप आठवण आली.’ ते वाक्य त्याने ‘दोआ गा शिमारिमास’, म्हणजे ‘दार बंद होत आहे’, याच चालीवर म्हटलं.

“अहो, ती प्रेमात आहे,” मी म्हटलं. “तिचा दरवाजा बंद होत नाहीये.”

“मग कसं म्हणायचं? तुम्ही म्हणून दाखवा.”

मी म्हणायला गेले. त्याने पुस्तकावरून नजर उचलली, आणि… माझं वाक्य अर्ध्यातच राहिलं. दोघांनीही एकदमच चहाचे कप तोंडाला लावले. रिकामे होते.

हळूहळू वीस मिनिटांचा तास झाला. मी वॉर्डातल्या आज्यांच्या गमती सांगायची, तो बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या. “आत अडकलेल्याशी सतत बोलत राहायचं,” तो सांगायचा. “दार उशिरा उघडलं तरी चालतं. पण बोलणं थांबलं की माणूस घाबरतो.”

एकदा कॅन्टीनच्या आचाऱ्याने मिरच्या परतायला घेतल्या. सगळे ठसकायला लागले. मला पाच शिंका आल्या. तो मात्र मख्ख.

“तुम्हाला कसं काही होत नाही?”

“लिफ्टच्या शाफ्टमधली धूळ खाऊन नाक मेलंय. वर्षा-दोन वर्षांत एखादी शिंक.” बोलून गेला आणि जीभ चावली.

मी वही बंद केली. “म्हणजे त्या दिवशी…?”

“माझ्या मागे एक आजोबा होते,” तो कान खाजवत म्हणाला. “सत्तरी ओलांडलेले. नात जपानमध्ये जन्मली, तिला आपली भाषा येत नाही, म्हणून ते या वयात शिकतायत. रुमाल मी त्यांच्यासाठीच काढला होता. शिंकेने आधीच मेल्याहून मेले होते, त्यात तुमचा तो अवतार…”

“मग इतके महिने नुकसानभरपाई कसली?”

“ती आजोबांच्या वतीने… सुरुवातीला.”

‘सुरुवातीला’ या शब्दापाशी मी घुटमळले. आता माझी पाळी होती. “मीही एक सांगू? मी एका मार्काने नाही, अकरा मार्कांनी गेले होते.”

तो इतका मोठ्याने हसला की आचारी झारा घेऊन बाहेर आला.

डिसेंबरात परीक्षा झाली. मी पास झाले, चांगल्या मार्कांनी. पाठोपाठ वृद्धाश्रमाचं पत्र आलं, महिन्याभरात रुजू व्हा. मी ते घेऊन कॅन्टीनमध्ये धावले. त्याने दोनदा वाचलं. “अभिनंदन,” म्हणाला. अगदी लिफ्टच्या सुरात. आणि दुसऱ्या दिवसापासून गायब. काम आहे म्हणे.

आठ दिवस मी वाट पाहिली. नवव्या दिवशी कळलं की आमच्या वॉर्डचीच लिफ्ट त्याने दुरुस्तीला काढलीय. मग काय, आठ मजले पायी चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पोचले.

“पळताय?” मी धापा टाकत विचारलं.

“ब्रेक बघतोय.”

“नऊ दिवस?”

त्याने पाना खाली ठेवला. “तुम्ही गेलंच पाहिजे. त्यासाठीच तर एवढी मेहनत केलीत. आता मी काही बोललो, तर तुमचा पाय निघायचा नाही. म्हणून…”

“पाय माझे आहेत. निघतील की नाही, ते मी बघेन. तुम्ही फक्त बोला.”

बराच वेळ तो कापसाने बोटं पुसत राहिला. ती कधीच स्वच्छ झाली होती.

“आवडता तुम्ही मला,” तो शेवटी म्हणाला. “फार. पण…”

“पण नाही. ‘आणि’ म्हणा,” मी त्याला तोडलं. “मी जाणार, आणि मला तुम्ही आवडता, आणि मी परत आल्यावर आपण लग्न करू. चालेल?”

“चालेल?” त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. “धावेल!”

पुढच्या रविवारी तो घरी आला. इस्त्रीचा शर्ट, नखं घासून घासून लाल झालेली. आईने आडून आडून विचारायचं ठरवलं होतं, पण पाणी देतानाच तिचा धीर सुटला. “दोन वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत. तुमचं मन बदलणार नाही कशावरून?”

मी आईकडे बघून डोळे वटारले. तो मात्र शांतपणे विचार करून बोलला, “काकू, तोंडी सांगून तुम्हाला पटणार नाही, आणि पटूही नये. मी दर रविवारी येऊन जाईन. तुम्हीच बघत राहा.”

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग रिकामा ग्लास उचलत म्हणाली, “रविवारी आम्ही उशिरा उठतो. दहानंतर या.” आतल्या खोलीत जाताना तिने पदराने डोळे टिपले.

निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी दारात आली. त्याने बॅगा ठेवल्या, डिकी बंद केली, पुन्हा उघडून बघितली, पुन्हा बंद केली. बाबांचा चष्मा एकदम हरवला आणि तो शोधायला आई-बाबा दोघंही आत गेले. चष्मा बाबांच्या कपाळावर होता.

“पोचलात की…” तो म्हणाला आणि अडला. कान लालबुंद. मग एक श्वास घेऊन म्हणाला, “पोचलीस की फोन कर.”

इतके दिवस ‘अहो-जाहो’, आणि आज हे!

“करेन,” मी म्हटलं. “आणि तू वेळेवर जेवत जा.”

टॅक्सी सुटली. आईच्या खांद्याशेजारी त्याचा हात हलत होता. मी विमानतळापर्यंत रडायचं ठरवून रुमाल मांडीवर काढून ठेवला होता. पण चौक ओलांडला तरी मी आपली हसतच होते.