आधीची साखर

या, जरा जवळ सरका. आज साखरेची गोष्ट सांगायची आहे. चहातल्या साखरेची नव्हे, पण गोडीला कमी नाही.

एका प्रयोगशाळेत एक मुलगी होती. शेंगांच्या बियांतून प्रोटीन वेगळं काढायचं, हे तिचं काम. कामात इतकी सावकाश की सगळे तिला गोगलगाय म्हणायचे. एकदा ती कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून पाणी बदलत बसली होती, तेवढ्यात एक तरुण आत आला. ओंजळीत इवलीशी कुपी, वाऱ्यातून दिवा न्यावा तशी जपलेली.

“प्रोटीनवाल्या बाई कुठे भेटतील?”

“बाई त्यांच्या खोलीत बसतात. इथे काकडायला मी असते. दार लावा आधी.”

त्याने दार लावलं… आणि आतच राहिला.

तो वरच्या मजल्यावर साखरेचे रेणू रचायचा. तिने कुपी उजेडात धरली. “एवढीशी? मुंगीचंही भागायचं नाही.”

“वर्ष गेलंय हिच्यात. चार फांद्या आहेत हिला. तुमचं प्रोटीन ओळखेल ना?”

“त्याच्या अंगावर खोबणी असतात. साखरेची फांदी खोबणीत नीट बसली, तर धरतं. एकेक पकड अगदी लेचीपेची. पण चार फांद्या चार खोबणींत बसल्या, की सुटता सुटत नाही.”

“म्हणजे थोडं थोडं करतच जमतं,” तो म्हणाला. कुपीकडे मात्र बघत नव्हता.

तिचे कान लाल झाले. थंडीनेच असतील, म्हणा.

मग तो रोज काही ना काही निमित्त काढून खाली यायला लागला. पण बाईंनी बजावून ठेवलं होतं, प्रोटीनने ही साखर धरली तरच त्याचं काम पुढे चालणार. नाहीतर त्याच्या काकांनी दुसऱ्या शहरात नोकरी बघून ठेवलेलीच होती.

चाचणी झाली. प्रोटीनने साखर धरली नाही. तिने तसं प्रयोगशाळेच्या सभेत बाईंना सांगितलं. तो हसून “असो” म्हणाला आणि सामान आवरायला वर गेला.

घरी तिचं ताट तसंच पुढे.

“कुठे हरवलीस गं?” ताईने विचारलं.

“कुठे नाही.”

“त्या ‘कुठे नाही’ला आडनाव आहे का काही?”

ती हसणार होती, पण एकदम काही आठवलं आणि घास हातातच राहिला. बियांतून प्रोटीन सोडवून घेताना त्यात साधी साखर ओतावी लागते; ती खोबणीत शिरून बसते. मग प्रोटीन पातळ पिशवीत भरून पाण्यात बुडवायचं आणि साखर पुरती निघेपर्यंत पाणी बदलत राहायचं. या खेपेला तिने शेवटचं पाणी बदललंच नव्हतं. खोबणी आधीच भरलेल्या. नव्या पाहुण्याने बसायचं कुठे?

तिने सगळं पुन्हा नीट धुतलं, कुपीच्या तळाशी उरलेला कण वापरला. प्रोटीनने तो असा धरला, की सोडेचना.

गुपचूप बाईंच्या कानावर घालता आलं असतं. पण त्याची साखर नापास झाली होती ती भर सभेत. ती सभेतच उभी राहिली.

“साखर चांगली आहे. प्रोटीन मी नीट धुतलं नव्हतं. चूक माझी.”

बाईंनी चष्मा काढला. “तू? तू तर कधी घाई करत नाहीस.”

“या वेळी केली.”

“का?”

ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. “हे रोज जिन्यावर येऊन उभे राहायचे… त्यांना लवकर ‘हो’ सांगायचं होतं मला.”

 तो खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला.

“बरं,” बाई म्हणाल्या. “साखर संपली ना? नवी रचायला किती दिवस?”

“वर्ष लागेल,” तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. “थांबाल?”

“थांबते की.”

काकांना नकार त्याच दिवशी गेला.

तर मंडळी, संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या पोरीला एकदा आठवा. आवाज कापत होता तिचा, पण वाक्य तिने पुरं केलं.