ओला पडदा

लोक मले विचारतात, कोकिळे, आता बोलते शिनिमे आले, मेहकरात गाणे आयकाले गर्दी उसळते, अन् तुले तोच मुका, फाटका शिनिमा काऊन आवडते? मी सांगत नाई. सांगतलं तं पागल म्हणतील.

सुगी सरली का डोणगावच्या बाजारात पंजाबरावचा तंबू लागते. मधात पांढरा पडदा, एकीकडं माणसं, दुसरीकडं बाया. पडदा ओला ठेवा लागते, सुकला का बायांच्या बाजूनं काईच दिसत नाई. पाणी मारायचं काम माह्या नवऱ्याचं, रंगरावचं होतं. शिनिमातला डाक्टर उजेडाची मशीन बनवते. माणसाले खुर्चीवर बसवून उजेड सोडते, अन् माणूस नाईसा होते. शेवटी नुसती रिकाम्या खुर्च्यांची रांग. भल्याभल्याची बोबडी वळते.

एका साली त्या रांगेच्याच टायमाले रंगराव बादली घेऊन पडद्यापाशी गेला तो परतला नाई. बादली बी सापडली नाई. गाव म्हणे, पळाला. आम्ही विहिरी धुंडल्या, खामगावच्या कापसाच्या जिनिंगा धुंडल्या.

पुढच्या साली तंबू आला, तं शेवटून दुसऱ्या खुर्चीवर तो बसला होता. मांडीवर बादली. बाजूच्या बायाले विचारलं, त्यायले खुर्ची रिकामी दिसे. दुसऱ्या दिवशी पंजाबरावनं फिलम उन्हात धरून दाखवली. त्यातबी रिकामीच. मी म्हटलं, ठीक हाय, आजपासून पाणी मी मारन. तेव्हापासून मारून राह्यली.

औंदा बारा वर्षं भरले. बारा वर्षं माणूस आला नाई का त्याचा गवताचा पुतळा जाळतात, अन् बायकोच्या बांगड्या फोडतात. दीर रामराव भटजीले सांगून आला. अमावास्या ठरली. मी म्हटलं, पाहू कोण फोडते तं. अन् सासूले, रुखमाबाईले, हाताले धरून तंबूत नेलं. म्हातारीनं जन्मात शिनिमा पाह्यला नव्हता.

दिवेलागणीले खेळ सुरू झाला. मी पडदा निथळेपर्यंत पाणी मारलं, अन् म्हातारीपाशी येऊन बसली. डाक्टर आला. उजेड झाला. खुर्च्या आल्या.

म्हातारीनं माहा हात घट्ट धरला.

"माहा रंग्या," ती म्हणाली. "मांडीवर बादली घेऊन बसला."

बारा वर्षांत पहिल्यांदा मले रडू आलं.

"बांगड्याले कोणी हात लावाचा नाई," ती म्हणाली. मंग पडद्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, पुन्हा पडद्याकडं पाह्यलं.

"पण पोरी, त्याच्या बाजूले तू काऊन बसली?"

मी पाह्यलं. मले ती खुर्ची रिकामीच दिसली.

अमावास्या गेली. सासूच्या सांगण्यावरून रामरावनं भटजीले परत धाडलं. पंजाबराव म्हणे, पुढच्या साली बोलता शिनिमा आणतो. मी म्हटलं, हाच आणा, पाणी मीच मारन.

माह्या दोन्ही हातात काचेच्या बांगड्या हायेत, एकबी पिचली नाई. मी दळते, भांडे घासते, विहिरीचं पाणी शेंदते.

त्या दिवसापासून त्या वाजत नाईत.