उजव्या बाजूचा दिवा

दिवा बंद होता. फडफडणारा बल्ब बदलायचा म्हणून तिनं दिव्याखालची साखळी ओढली, दिवा विझला, नवऱ्यानं शेजारी उभं राहून ते पाहिलं. मग एका हातानं बेसिनचा नळ धरून ती दुसऱ्या हातानं बल्ब फिरवू लागली आणि तिथंच कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी विद्युत निरीक्षक बाई त्या घरात आल्या, तेव्हा फौजदारांनी निकाल लावूनही टाकला होता. निरीक्षक बाईंना कचेरीत पाठीमागे 'ठिणगी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

गुन्हेगार म्हणून दाराशी बसवलेला माणूस मयत बाईचा सख्खा थोरला भाऊ होता. धंद्यानं वायरमन. बेसिनवरच्या आरशाच्या डाव्या-उजव्या बाजूंचे पितळी दिवे बहिणीनं ऑनलाइन मागवले आणि यानं ते हौसेनं लावून दिले. आता भाऊजी त्याच्याकडे बघत नव्हते आणि आई त्याचा फोन उचलत नव्हती.

बाईंनी मेन स्विच बंद करून दोन्ही दिवे उघडले. आत तीन-तीन स्क्रू, एकावरही खूण नाही. असला माल बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना त्यांनी आधी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

"डावा बरोबर जोडलाय. उजव्यात फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल आहे. असं का?"

"चित्रात होतं तसं केलं, मॅडम. कंपनीच्या पानावर दोन्ही दिव्यांची वेगवेगळी चित्रं होती."

"आतून मीटर लावून पाहिलंत?"

"नाही. नवा माल होता. दिवे लागले..."

"दिवे लागणारच होते. उलटं जोडलं तरी लागतात."

फौजदारांनी फोन पुढे केला. कंपनीचं पान, उजव्या दिव्याचं चित्र, तारा अगदी जिथल्या तिथं. चोर तो चोर वर शिरजोर, असं ते म्हणाले, आणि वायरमनचा चेहरा पांढराफटक पडला. दिवे लावले तेव्हा हे चित्र असं नव्हतं, एवढंच तो पुटपुटत राहिला.

बाईंना त्याचाही राग आलाच होता. पण जो माणूस डावा दिवा इतका नेटका जोडतो, तो उजव्यात अशी चूक करील कशाला? शिवाय आणखी एक गोष्ट त्यांना खटकत होती. घरात सगळे अनवाणी, फरशी आरशासारखी लख्ख, आणि बेसिनखाली बाहेरच्या रबरी चपला पडलेल्या.

"या कुणाच्या?"

"तिच्या," नवरा म्हणाला. घरात ती कधी चप्पल घालत नसे. काल मात्र बल्ब बदलायला मुद्दाम घालून आली. "मी हसलो तिला. तर म्हणाली, तसं लिहिलंय. कुठं लिहिलंय ते मी विचारलंच नाही." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"कंपनीला तुम्ही कळवलंत?"

"कालच फोन केला. तुमच्या दिव्यानं माझी बायको गेली म्हणून सांगितलं. नाही नाही ते बोललो."

"कुठला दिवा, ते सांगितलंत?"

"मला तरी तेव्हा कुठं ठाऊक होतं."

बाई ओसरीवर जाऊन फोन घेऊन बसल्या. ऑनलाइन बाजारात एकानं टाकलेलं चित्र दहा जण उचलतात. मूळ मालकानं आपलं पान पुसलं, तरी उचलेगिरांना त्याचा पत्ता नसतो. तोच दिवा विकणारी दुकानं त्यांनी एकामागून एक धुंडाळली. बहुतेकांनी नुसता दर्शनी फोटो ढापला होता. शेवटी एक महाआळशी भेटला. त्यानं अख्खं पान उचललं होतं, तेही या घरात दिवे बसण्याच्या कितीतरी आधी.

त्या पानावर डाव्या दिव्याच्या चित्रात तार धरलेला उजवा हात होता, अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. उजव्या दिव्याच्या चित्रात डावा हात होता. त्याच्याही अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. आणि उजव्याखाली एक जादा ओळ होती, जी डाव्याखाली नव्हती: 'बल्ब बदलताना पायात रबरी चप्पल घालावी.'

बाईंच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. त्यांनी फौजदारांना गाडी काढायला लावली आणि वायरमनलाही बरोबर घेतलं.

कंपनीच्या काचेच्या केबिनमध्ये कॅटलॉगप्रमुख गोड हसून उभा राहिला. खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. फोनवर उजवा अंगठा फिरवत त्यानं पान उघडलं. त्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. डाव्याचं साफ होतं.

"काल तुमच्या दिव्यानं एक बाई गेली," निरीक्षक बाई म्हणाल्या. "चित्रं कोण काढतं?"

"बाहेरचे लोक. मी त्यात नसतो."

"पान अलीकडे बदललंय?"

"छे. उजव्या दिव्याचं चित्र पहिल्यापासून हेच आहे."

"उजव्या? मी कुठं म्हटलं उजवा?"

कॅटलॉगप्रमुखानं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"आता मी सांगते," बाई म्हणाल्या. "फोटोसाठी तुमच्याकडे एकच दिवा होता, डावा. तार धरणारा हात तुमचाच. उजव्यासाठी वेगळा फोटो काढायचा कंटाळा केलात आणि तोच फोटो आरशात दिसावा तसा उलटा केलात. म्हणून उजव्या हाताचा डावा झाला आणि चिरलेलं नख पलीकडच्या अंगठ्यावर गेलं. बाहेरून दिवा उजवा दिसला, ठीक आहे. पण कारखाना दोन्ही दिव्यांत आतले स्क्रू एकाच क्रमानं बसवतो. चित्रातले तेवढे फिरले, फेज न्यूट्रलच्या जागी गेली. मग साखळी ओढली की वीज आणणारी तार तुटायची सोडून परत नेणारी तुटते. दिवा विझतो आणि होल्डर जिवंत राहतो. बल्ब काढताना बोट त्याच्या धातूच्या आट्यांना लागलं आणि दुसरा हात नळावर असला, की संपलं."

"माणसाच्या हातून चूक होते," तो कसाबसा म्हणाला.

"चूक तोवर होती, जोवर तुम्हाला ठाऊक नव्हतं." त्यांनी आळशी दुकानदाराचं पान त्याच्यासमोर धरलं. "कुणाला तरी आधीच झटका बसला होता आणि त्यानं तुम्हाला कळवलं होतं. नाहीतर ही ओळ एकट्या उजव्याखाली कशाला आली असती? तेव्हा चित्र बदललं असतं, तर विकलेले दिवेही परत मागवावे लागले असते. ते नको म्हणून चपलेवर भागवलंत. आणि काल फोन येताच चित्र आणि ओळ, दोन्ही पुसून मोकळे झालात. लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला?"

मग त्या वायरमनकडे वळल्या. मीटर न लावल्याचा जाब तुम्हालाही द्यावा लागेल, त्यातून मी सोडवणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यानं मान हलवली.

"पण तुमच्या आईला मी स्वतः जाऊन सांगेन, हे कुणामुळं झालं ते."

कॅटलॉगप्रमुख घाम पुसत फौजदारांकडे वळला. "साहेब, सूचना तर दिली होती ना आम्ही? चप्पल घाला म्हणून स्पष्ट लिहिलं होतं. लोक वाचत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?"

मागे उभा असलेला भाऊ पुढे आला.

"घातली होती तिनं."