कानवाल्याचा शब्दकोश

एमलिन पहिल्यांदा आमच्या पुस्तकांच्या दुकानात आला, तेव्हा दोन किलोचा शब्दकोश पोटाशी धरून तो दाराला धडकला. ते दार ढकलायचं नसतं, ओढायचं असतं, हे वेल्समधल्या आमच्या बाला गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी धावत गेले, दार उघडलं, हसू दाबत विचारलं, "लागलं का हो?"

विचारलं ते इंग्रजीत. सगळा घोटाळा तिथेच झाला.

आमच्याकडे ज्याच्याशी पहिलं बोलणं ज्या भाषेत होतं, त्याच्याशी पुढे जन्मभर तीच चालते. असा नियम कुणी केलेला नाही, पण जीभच वळत नाही. माझ्या बेथनताईचं इंग्रजीत जुळलं. भावजींनी पुढे क्लास लावून आमची वेल्श भाषा शिकून घेतली, मुलांशी ते फडाफडा बोलतात. पण नवराबायको एकमेकांशी वेल्श बोलायला लागले की चौथ्या वाक्याला दोघांना हसू फुटतं, की परत इंग्रजी! ताई सुखात आहे हो. पण आपलं असं होऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि हा समोर उभा... कपाळ चोळत, कान लाल झालेले.

"यापेक्षा बरा शब्दकोश मिळेल का?" तो म्हणाला. "मी न्यूपोर्टचा, तिकडे सगळे इंग्रजीच बोलतात. इथल्या दवाखान्यात कान तपासतो. म्हातारी माणसं कानात काय होतंय ते वेल्शमध्येच सांगतात. यात गुणगुणण्याला अकरा शब्द दिलेत, पण माझ्या एकाही पेशंटनं त्यातला एक वापरलेला नाही."

"हा पंडितांचा आहे. उशाशी ठेवायला बरा."

"ठेवला होता. सकाळी मान दुखत होती, पाठ काहीच झालं नव्हतं."

मला हसू आलं. एरवी मी गिऱ्हाइकाला एवढं हसत नाही.

"असं करा," मी म्हणाले, "तुम्हाला पक्के येतात असे तीन शब्द आधी शोधा. त्या तिन्हींबद्दल जो शब्दकोश खरं सांगेल, त्याच्यावर बाकीच्या शब्दांसाठी भरवसा ठेवा. आणि नुसता अर्थ नको, खाली वाक्य हवं. शब्द कुणाच्या तोंडी कसा बसतो, ते वाक्यातच कळतं."

"माणसंही अशीच पारखता?"

"माणसांना तीन शब्दसुद्धा लागत नाहीत," मी म्हटलं, आणि उगाचच बिलाचं पुस्तक उघडून बसले.

जुन्या प्रतींच्या पेटीतून मी त्याला एक छोटा शब्दकोश वापरून बघायला दिला. पुढच्या शुक्रवारी तो परत आला. "अक्षरं इतकी बारीक, की आता माझेच डोळे तपासायला हवेत." मग शाळेतल्या मुलांचा दिला. "यात डायनासोर नऊ प्रकारचे आहेत, बहिरा माणूस एकही नाही!" दर शुक्रवारी काहीतरी तक्रार, मग चहा, मग गप्पा. गुरुवारपासूनच मी स्वेटर कुठला घालायचा ते ठरवू लागले. मी त्याच्या प्रेमात पडले होते, उगीच आढेवेढे कशाला घेऊ? पण पडले होते इंग्रजीत. नवखा आहे, बिचाऱ्याला अवघडायला नको, म्हणून मी इंग्रजीतच बोलायची. आणि दर शुक्रवारी ती इंग्रजी आमच्यात आणखी घट्ट व्हायची.

दोन महिन्यांनी मॉर्विथ मावशी कानात नवं यंत्र लावून दुकानात आली.

"लिनेद, शुक्रवारी तुझ्याकडे येतो ना, तो कानवाला... काय गोड पोरगा गं! वेल्श बोलताना अडखळतो, पण सोडत नाही. माझ्या कोंबड्यांची चौकशी केलीन!"

"वेल्शमध्ये?"

"मग काय लॅटिनमध्ये? पोस्टात, बेकरीत, सगळीकडे वेल्शच बोलतो तो. तुझ्याशी नाही बोलत?"

नाही बोलत. मला फार वाईट वाटलं. रागही आला.

शुक्रवारी त्याने डायनासोर टेबलावर ठेवले, तशी मी सुरूच झाले. "पोस्टात वेल्श, बेकरीत वेल्श, मावशीच्या कोंबड्यांचीसुद्धा वेल्शमध्ये चौकशी! मीच तेवढी परकी?"

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "पण... इंग्रजीत सुरुवात तुम्ही केलीत. मला वाटलं, तोंड बघूनच ओळखलंत, याला काही जमायचं नाही. पुस्तकांत वाढलेली बाई, तिला मोडकंतोडकं कशाला ऐकवा..."

"तुम्हाला लागलं होतं म्हणून बोलले मी इंग्रजीत! कपाळावर टेंगूळ आलं होतं!"

दोन महिने दोघंही एकमेकांची सोय बघत बसलो होतो.

"खरं कारण सांगू?" तो हळूच म्हणाला. "इंग्रजीत मी तुम्हाला हसवू शकतो. वेल्शमध्ये... वेल्शमध्ये मला सूप आवडतं आणि काल पाऊस पडला. बस्स, एवढाच आहे मी. असा माणूस तुम्हाला किती शुक्रवार चालेल?"

मी फळीवरून मधल्या आकाराचा शब्दकोश काढला. ना जाडा ना बारका, अक्षर मोठं, प्रत्येक शब्दाखाली वाक्य. तो त्याच्या हातात ठेवला आणि वेल्शमध्ये बोलले, तेही थेट 'तू' म्हणून. एका दमात, माझ्या नेहमीच्या वेगाने. तुझं सूप चालेल, तुझा पाऊस चालेल, दोन वर्षं कंटाळा आणलास तरी चालेल. माझा जीव जडलाय तुझ्यावर. पण मला माझ्या भाषेत रुसायचंय, माझ्या भाषेत कडाकडा भांडायचंय तुझ्याशी, आणि म्हातारपणापर्यंत भांडायचंय.

त्याचे ओठ माझ्यामागून हलत होते.

"अर्धं कळलं," तो वेल्शमध्ये म्हणाला.

"कुठलं अर्धं?"

त्याने पानं उलटली. बोट एका शब्दावर थांबलं, पुढे सरकलं, पुन्हा मागे आलं. सांगून टाकावं असं मला होत होतं. पण मी हात स्वेटरच्या खिशात कोंबले.

"तू... माझ्याशी... भांडणार."

"हो."

"खूप... वर्षं?"

"खूप वर्षं."

त्याने शब्दकोश मिटला.

"चालेल," तो म्हणाला. "आजपासून?"