खोबरेलाचा डबा

"वायच गरम पानी मिळंल काय?"

पौषातली सकाळ. नुकतं उजाडत होतं आणि मी न्हाणीच्या चुलीत झावळ्या सारत होते. वळून पाहिलं तर दारात एक उंच तरुण, हातात रिकामी बादली, नाकाचा शेंडा गारठ्याने लाल.

"कुनाला न्हायचंय? तुमाला?"

"नाय… माझ्या लॉरीला."

हसू आलं, पण आवरलं. हातखंब्याकडे उतारू नेणाऱ्या सर्व्हिस लॉरीचे हे नवे ड्रायव्हर. रात्री लॉरी आमच्या घराजवळच्या फणसाखाली उभी असे. सकाळी हँडल मारून मारून खांदे दुखले तरी ती नुसती खोकायची आणि गप्प बसायची. इंजिनावर गरम पाण्यात भिजवलेली फडकी टाकली, की मग कुठे बाईसाहेब जाग्या होत.

ते रोजचंच झालं. आप्पा न्हाणीतून ओरडत, "माझं पानी गेलं कुटं गो, सगुणा?" मी म्हणे, "चूल नीट पेटली नाय, आप्पा." मग मी लवकर उठून दोन हंडे तापवू लागले. एक आप्पांचा, एक लॉरीचा. वेणीसुद्धा उजाडायच्या आत घालून होई — तीही लॉरीसाठीच, दुसरं काय!

"लाडावलीय हो तुमची लॉरी," मी एकदा म्हटलं.

"लाडावनारच. पानी कोन देतंय ते बघितलंय तिनं."

असं बोलून ते आपले बादलीत बघत राहिले. मला मात्र दिवसभर काही सुचलं नाही.

पण एका सकाळी ते हसले नाहीत. "आज उतारू खोळंबले तर मालक दुसरा डायवर बघनार हाय. टाकीत पेट्रोल भरपूर, पन इंजिनापर्यंत पोचतच नाय."

मी पाणी घेऊन मागोमाग गेले. त्यांनी पेट्रोलची नळी सोडवली. तिच्या तोंडाशी पांढरं, घट्ट काहीतरी बसलं होतं. मी बोटावर घेऊन हुंगलं. आमचा घरचाच खोबऱ्याचा तेलघाणा होता. तो वास मला झोपेतही कळला असता.

"पेट्रोल कशात भरून ठेवता?"

"डब्यात. तुमच्या आप्पांकडनंच तर रिकामा डबा घेतलाय."

मी बोट पदराला पुसलं. सांगितलं, तर उद्यापासून लॉरी झटक्यात सुरू होणार… मग माझ्या दाराशी कोण येणार? आणि नाही सांगितलं, तर यांची नोकरी जाणार.

"खोबरेल हाय हे," मी म्हटलं. "डब्याच्या तळाशी ऱ्हायलेलं. थंडीत थिजतं नि नळी तुंबते. डबा बदला, टाकी धुवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे… उद्यापासून पानी नको?"

"नको," मी म्हटलं आणि भरभर घरात आले. लॉरी वेळेवर सुटली.

मग ती रोजच वेळेवर सुटू लागली. पहिल्या हँडलला सुरू! मी चुलीपाशी बसून तो आवाज ऐके आणि डोळे पुसत धुराला नावं ठेवी. आप्पा कढत पाण्यावर खूश होते.

आणि एके दिवशी, लॉरी फणसाखाली छान धडधडत असताना, ड्रायव्हर दारात उभे. हातात बादली नाही.

"आता काय बिघडलं?" मी विचारलं.

"कायच नाय. तीच तर पंचाईत. हितं यायला कारनच सुचंना… म्हटलं, खरं तेच सांगावं." त्यांनी टोपी काढून हातात चुरगाळली. "तुमी आवडता मला. मंडनगडास्नं आयेला आनतो, मागनी घालायला. आनू?"

तिकडे उतारूंनी भोंगा वाजवायला सुरुवात केली होती.

"आना," मी म्हटलं. एवढंसं पुरेसं वाटेना. "लवकर आना."

आतून आप्पांनी हाक दिली, "कोन आलंय गो, सगुणा?"

आता मात्र मी चुलीवर काही ढकललं नाही. सरळ उंबऱ्यात जाऊन सांगितलं, "महिपत आलेत, आप्पा. माझ्यासाठी."

मोकळेपणाने त्यांचं नाव घेतलं ते तेवढंच. वैशाखात आमचं लग्न झालं, आणि लग्न झालेल्या बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात.